पट्टा परत हवा: छोट्या क्लबची नवी जर्सी ठरवताना

आमच्या फुटबॉल क्लबची नवी जर्सी ऑगस्टमध्ये मैदानात उतरली. काम सुरू झालं होतं डिसेंबरात. चाहत्यांच्या गटातर्फे मी त्यात अगदी पहिल्या बैठकीपासून होते, आणि त्या काळात नेटवर एकच गोष्ट शोधत होते: मोठ्या कंपनीशी करार नाही, खात्यात बेताचेच पैसे, अशा क्लबनं स्वतःच्या डिझाइनची जर्सी करून घ्यायची तर नेमकं काय काय करायचं असतं? मोठ्या क्लबांच्या जर्सी-अनावरणाचे व्हिडिओ ढिगानं सापडले. हे कुठे सापडलं नाही. म्हणून सगळं लिहून ठेवतेय, कंटाळवाण्या तपशिलांसकट.

आमचा संघ खालच्या विभागात खेळतो. आतापर्यंत दर दोन वर्षांनी क्लबचे सचिव टीमवेअर कंपनीचा कॅटलॉग उघडायचे, मरून रंगात जे मिळेल ते निवडायचे आणि त्यावर बॅज नि स्पॉन्सरचा लोगो छापून घ्यायचे. या पद्धतीला नावं ठेवण्यासारखं काही नाही. अशी जर्सी स्वस्त पडते, लवकर येते, आणि हंगामाच्या मध्यावर नवा खेळाडू आला तर तशीच आणखी एक मागवता येते. पण तेच डिझाइन बाकीचेही घेतात. मागच्या हंगामात आमच्याच लीगमधला एक संघ हुबेहूब आमची जर्सी घालून आला, फक्त हिरव्या रंगात. स्टँडमध्ये हशा पिकला, पण तो हशा फारसा आनंदाचा नव्हता. डिसेंबरच्या बैठकीत मग मागणी आली: पट्टा परत आणा.

पट्टा म्हणजे एका खांद्यावरून विरुद्ध कमरेकडे तिरपा उतरणारा. पेरूच्या राष्ट्रीय संघाच्या छातीवर १९३६ पासून तसा लाल पट्टा आहे, अर्जेंटिनाच्या रिव्हर प्लेटचाही प्रसिद्ध आहे. आमचा मोतिया रंगाचा होता, मरून जर्सीवर, आणि कॅटलॉगच्या जमान्यात तो गळून पडला. कार्यकारिणीनं फार ताणलं नाही. अटी दोनच घातल्या: कॅटलॉगपेक्षा जो जास्तीचा खर्च येईल तो चाहत्यांनी उभा करायचा, आणि काहीही झालं तरी जूनच्या पहिल्या आठवड्यात ऑर्डर गेली पाहिजे. त्या अटींवर आमची चार जणांची समिती बसली.

पहिलाच वाद झाला तो स्पर्धा ठेवायची की नाही यावर. सगळ्यांनी डिझाइन पाठवावीत, ज्याला जास्त मतं पडतील ते घ्यावं, असं बऱ्याच जणांचं म्हणणं होतं. ब्राझीलची पिवळी जर्सी स्पर्धेतूनच आली ना, असा दाखलाही आला. तो खरा आहे. १९५० च्या विश्वचषकात मायदेशी उरुग्वेकडून हरल्यानंतर ब्राझीलला आपली पांढरी जर्सी नकोशी झाली. १९५३ मध्ये एका वृत्तपत्रानं नव्या किटसाठी स्पर्धा ठेवली आणि आल्दीर गार्सिया श्लेई या १९ वर्षांच्या मुलाचं डिझाइन निवडलं गेलं. पण त्या स्पर्धेला एक कडक अट होती: ध्वजातले चारही रंग वापरायचेच. पिवळी जर्सी, तिला हिरवी किनार, निळी शॉर्ट्स, पांढरे मोजे हे सगळं त्या अटीतून निघालं. माझं मत असं पडलं की आधी अट ठरवावी, चित्रं मागून काढावीत. पहिल्याच दिवशी रंगीत चित्रं लोकांसमोर ठेवली की प्रत्येक जण एका चित्राच्या प्रेमात पडतो आणि मग ते चित्र कारखान्यात शिवता येत नाही म्हणून सांगायला आपण जातो. समितीत हे मान्य व्हायला दोन बैठका आणि बरीच चिडचिड खर्ची पडली.

जानेवारीत आम्ही एक साधा फॉर्म फिरवला. त्यात तीनच प्रश्न होते. कोणती गोष्ट बदलली तर तुम्ही ही जर्सी घेणार नाही? तुमच्या आठवणीतली सगळ्यात आवडती जर्सी कुठली? आणि सामन्याव्यतिरिक्त ती कुठे घालाल? दोनशेच्या आसपास उत्तरं आली. एवढ्याशा क्लबसाठी हा आकडा मोठा आहे. आमच्या घरच्या सामन्यांना कधी कधी याहून कमी लोक असतात.

ती उत्तरं वाचणं हा या सगळ्यातला सर्वांत सुंदर भाग होता. पट्टा हवा हे जवळपास सगळ्यांनी लिहिलं होतं, पण प्रत्येकाचा पट्टा वेगळा. कुणाला तळहाताएवढा रुंद आठवत होता, कुणाला दोन बोटांचा. निम्म्या लोकांना तो डाव्या खांद्यावरून उतरताना आठवत होता, काहींना उजव्या, आणि दोन्ही बाजूंचे लोक शपथेवर सांगायला तयार. उजव्या पक्षानं पुरावा म्हणून एक जुना फोटोही पाठवला. त्यात पट्टा खरोखरच उजव्या खांद्यावरून होता. मग समितीतल्या एकाच्या लक्षात आलं की त्या फोटोत बॅजही उजव्या छातीवर आहे आणि पाठमोऱ्या खेळाडूचा क्रमांक उलटा उमटलाय. निगेटिव्ह उलटी छापली गेली होती. हे जाहीर केल्यावरही दोघा-तिघांनी शेवटपर्यंत माघार घेतली नाही.

बाकीच्या अपेक्षा वाचा: पोलो कॉलर हवी. कॉलर अजिबात नको. बायकांच्या मापाची हवी, पुरुषांचं लहान माप बायकांचं म्हणून विकू नका (हे मीही लिहिलं असतं). गोलकीपरची जर्सीसुद्धा विक्रीला ठेवा. दोन हंगाम तरी बदलू नका, दरवर्षी परवडत नाही. कॉलरच्या आत जुन्या खेळाडूंची नावं छापा. खिसा द्या. एकानं बिनबाह्यांची मागितली. कॅमेरूननं २००२ मध्ये तशी घातली होती हे त्याचं बरोबर होतं, पण विश्वचषकात फिफानं ती चालू दिली नाही आणि त्यांना काळ्या बाह्या जोडाव्या लागल्या होत्या. एका उत्तरात फक्त 'जिंकणारी' एवढंच होतं. आणि एकीनं लिहिलं होतं, अशी करा की कामावर घालून गेले तर कुणाला खटकू नये, पण आपल्यातलं कुणी भेटलं तर लांबून ओळखावं. हे वाक्य मी डिझायनरला जसंच्या तसं पाठवलं. पुढे कुठलाही निर्णय अडला की आम्ही त्याच वाक्याकडे वळायचो.

या ढिगातून खरोखर हलवता न येणाऱ्या गोष्टी तीनच निघाल्या: मरून, पट्टा आणि जुना गोल बॅज. बाकी सगळ्यावर लोक वाद घालत होते, पण त्यासाठी जर्सी न घेण्याची कुणाची तयारी नव्हती. तुम्ही असं काही करणार असाल तर पहिला प्रश्न नक्की विचारा. काय आवडेल असं विचारलं तर शंभर उत्तरं येतात, काय चालणार नाही असं विचारलं की मोजकीच उरतात.

फेब्रुवारी नियमांत गेला. आधी खेळाचे मूळ नियम पाहिले, इफॅबचे, म्हणजे फुटबॉलचे नियम ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय मंडळाचे. त्यातला चौथा नियम खेळाडूच्या पोशाखाबद्दल आहे. जर्सीला बाह्या हव्यातच. दोन्ही संघांचे रंग एकमेकांपासून आणि पंचांपासून वेगळे ओळखू यायला हवेत. गोलकीपर सगळ्यांहून वेगळा. आत बनियन किंवा स्किन (अंगाला घट्ट बसणारा आतला टी-शर्ट) घातली तर ती बाहीच्या मुख्य रंगाची किंवा हुबेहूब बाहीसारखीच हवी. हे शेवटचं कलम वाचताना फार महत्त्वाचं वाटलं नव्हतं. आमच्या एका आवडत्या कल्पनेत बाह्या मोतिया होत्या. कोच सरांनी ती पाहिली आणि विचारलं, "मग थंडीत आत घालायला सगळ्यांना मोतिया स्किन कोण घेऊन देणार? सगळ्यांकडे मरून आहेत." बाह्या मरून झाल्या.

त्यानंतर लीगचं नियमपुस्तक. प्रत्येक लीगचं वेगळं असतं, म्हणून आपल्या लीगची चालू हंगामाची प्रत मागून घ्या. जुन्या पीडीएफवर विसंबू नका. आमच्यात स्पॉन्सरच्या लोगोचं क्षेत्रफळ चौरस सेंटिमीटरमध्ये ठरलेलं आहे, क्रमांकाची उंची ठरलेली आहे, आणि पाठीवर क्रमांकाच्या मागे एकच रंग असावा लागतो. पट्टा पाठीवरही न्यायचा तर तो क्रमांकाखालून जाणार आणि पंचांना क्रमांक वाचता येणार नाही. लीगला लेखी विचारलं, सोबत डिझाइन जोडलं. उत्तर यायला सव्वा महिना गेला आणि ते एका ओळीचं होतं: पाठ एकरंगी ठेवावी. म्हणजे पट्टा खांद्याच्या शिवणीवर संपणार. 'अर्धा पट्टा' म्हणून ग्रुपवर दोन दिवस राडा झाला. मला स्वतःला मात्र तेव्हा हायसं वाटलं, कारण एक प्रश्न कायमचा मिटला होता. परवानगीचा अर्ज मात्र पहिल्या महिन्यातच टाका. डिझाइन पक्कं नसेल तर नुसती रेखाकृती जोडा. आम्ही थांबलेल्या त्या दिवसांत बाकीची कामं करू शकलो ती याच कारणामुळे.

दूरच्या सामन्यांच्या जर्सीबद्दल थोडंसं. तिथे आम्ही साधी मोतिया घेतली, मरून पट्टा. राखाडीचा आग्रह होता, तेव्हा मँचेस्टर युनायटेडची गोष्ट कामी आली. एप्रिल १९९६ मध्ये साउदॅम्प्टनविरुद्ध राखाडी जर्सीत ते मध्यंतराला ०-३ नं मागे होते. सहकारी गर्दीत नीट दिसत नाहीत म्हणून मध्यंतरात जर्सी बदलली आणि सामना १-३ असा हरले. रंग दिसण्याबद्दल आणखी एक बाब बहुतेक क्लब विसरतात. युरोपीय वंशाच्या पुरुषांत साधारण ८ टक्के लोकांना लाल-हिरव्यात फरक करणं जड जातं. आमचं मरून आणि आमच्यासारखीच जर्सी घालून आलेल्या त्या संघाचं गडद हिरवं अशा डोळ्यांना सारखंच दिसू शकतं. तपासायला सोपा उपाय आहे: दोन्ही जर्सींचा फोटो मोबाइलवर कृष्णधवल करा. दोन्ही एकाच छटेच्या करड्या दिसल्या तर त्या सामन्यात दुसरी जर्सी घाला.

आता कारखाना. कॅटलॉगबाहेरचं डिझाइन हवं असेल तर बहुतेक वेळा सबलिमेशन छपाई करतात. पांढऱ्या पॉलिस्टर कापडाचे तुकडे घेतात, कागदावर छापलेलं डिझाइन साधारण २०० अंश सेल्सियसला त्यावर दाबतात, शाईची वाफ होऊन ती धाग्यात शिरते आणि मग ते तुकडे शिवतात. छपाई सोलत नाही, तडकत नाही. पण कापड पांढरं किंवा अगदी फिकं हवं, आणि सुतीवर ही पद्धत चालत नाही. सुती, जाड, जुन्यासारखी जर्सी हवी म्हणणाऱ्यांना हे समजावताना माझी दमछाक झाली. दुसरी गोष्ट, क्रमांकही सबलिमेशननं छापला तर ती जर्सी कायमची त्याच क्रमांकाची. खेळाडूंच्या जर्सीला ते ठीक आहे. विक्रीच्या जर्सी कोऱ्या ठेवून ज्याला नाव-क्रमांक हवा त्याला हीट प्रेसनं लावून द्यावा.

चार कारखान्यांकडून दर मागवले. दर विचारताना पुढच्या गोष्टी एकाच पत्रात लिहा, नाहीतर प्रत्येक जण वेगळ्याच वस्तूचा भाव देतो: कापडाचं वजन (आम्ही १५० जीएसएमच्या, म्हणजे चौरस मीटरला १५० ग्रॅमच्या आसपासचं मागितलं), किमान किती नग, नमुन्याचे पैसे वेगळे की ऑर्डरमध्ये वळते, बायकांचा कट आहे का, आणि नंतर पाच-दहाच नग लागले तर देणार का. शेवटच्या प्रश्नावर दोघे गळाले. सगळ्यात स्वस्त जो होता त्याचा किमान नगांचा आकडा आमच्या आवाक्याबाहेर होता. आम्ही निवडलेला दर कॅटलॉगच्या जर्सीहून साधारण एक-तृतीयांशानं जास्त होता, आणि पहिल्या नमुन्याला तयार जर्सीच्या तिप्पट पैसे पडले. हा नमुन्याचा खर्च सुरुवातीलाच हिशेबात धरा. नमुना एकात भागत नाही.

आमचं मरून ठरवताना जे झालं ते सांगायला हवं. घराघरांतून जुन्या जर्सी मागवल्या आणि टेबलावर ओळीनं मांडल्या. एक विटकरी, एक डाळिंबी, एक चक्क जांभळट, आणि धुऊन धुऊन गुलाबी झालेली एक. प्रत्येकाची खात्री की आपलीच खरी. क्लबचे जुने खजिनदार, आता ऐंशीच्या घरात आहेत, त्यांना विचारलं तर ते शांतपणे म्हणाले, "अहो, दुकानात जे कापड शिल्लक होतं ते घेतलं आम्ही. दोन ठाणं होती, दोन्हींचा रंगही वेगळा होता." समितीतल्या एकाचा चेहरा पडला. मला उलट गंमत वाटली. इटलीच्या युव्हेंटस क्लबचे खेळाडू आधी गुलाबी घालायचे, ते कपडे धुऊन फिके पडले म्हणून १९०३ मध्ये इंग्लंडहून जर्सी मागवल्या आणि तिथल्या नॉट्स काउंटी क्लबच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या आल्या. त्यावर पुढे शंभर वर्षांचा अभिमान उभा राहिलाच ना.

शेवटी डाळिंबीकडे झुकणारी छटा घेतली आणि तिचा पँटोन क्रमांक (छपाईवाले रंग नेमका सांगायला वापरतात तो) लिहून ठेवला. रंग स्क्रीनवर कधीही मंजूर करू नका. स्क्रीन उजेड फेकते, कापड फेकत नाही. कारखान्याकडून त्याच कापडावर छापलेले चार-पाच छटांचे तुकडे मागवा आणि ते दिवसाच्या उजेडात, ट्यूबलाइटखाली आणि जमलं तर मैदानाच्या दिव्यांत पाहा. ट्यूबलाइटखाली जुळलेले दोन तुकडे उन्हात वेगळे निघाले, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलं.

पहिला पूर्ण नमुना मार्चअखेर आला. रंग मंजूर तुकड्याशी जुळत नव्हता, जांभळट होता. कारखान्याचं म्हणणं, छपाईच्या दिवशी यंत्राचं तापमान कमी-जास्त झालं. ते त्यांनी बिनपैशात पुन्हा करून दिलं, कारण मंजूर तुकड्यावर दोघांच्या सह्या होत्या आणि एक तुकडा आमच्यापाशी होता. दुसरी अडचण अधिक चिवट निघाली. तिरपा पट्टा मध्यम मापात कमरेच्या बाजूच्या शिवणीवर बरोबर संपत होता, पण तेच चित्र मोठं करून डबल एक्सेलवर टाकल्यावर पट्टा पोटावरच संपला, आणि मुलांच्या मापात तो काखेकडे सरकला. पट्ट्याचा कोन प्रत्येक मापासाठी वेगळा काढावा लागतो. डिझायनरनं प्रत्येक मापाची वेगळी फाइल केली, त्यात एप्रिलचा बराच भाग गेला. तिरपं किंवा आडवं काहीही हवं असेल तर सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठ्या मापाचे नमुने मागा. मधल्या मापावरून काही कळत नाही.

एप्रिलमध्येच स्पॉन्सर. याची मला सगळ्यात जास्त धास्ती होती. छातीवर नाव नकोच, असं फॉर्ममध्ये कितीतरी जणांनी लिहिलं होतं. पण क्लबच्या वर्षाच्या खर्चातला मोठा वाटा त्याच पैशांतून निघतो, तेव्हा ती मागणी आम्ही पुढे नेलीच नाही, आणि लोकांना तसं स्पष्ट सांगितलं. स्पॉन्सरला मात्र छातीच्या मधोमध पांढऱ्या चौकटीत लाल लोगो हवा होता, म्हणजे बरोबर पट्ट्याच्या डोक्यावर. वर त्यांच्याकडून हळूच एक विचारणा आली, मरूनऐवजी लाल केलं तर लोगो उठून दिसेल, मग रक्कमही वाढवता येईल.

तिथे भावनेनं बोलायचं नाही असं आम्ही ठरवून गेलो होतो. कार्डिफ सिटीचं उदाहरण दिलं. २०१२ मध्ये मालकांनी निळी जर्सी लाल केली, त्याच हंगामात संघ प्रीमियर लीगमध्ये चढलासुद्धा, तरी चाहत्यांचा विरोध मावळला नाही आणि जानेवारी २०१५ मध्ये निळी परत आणावी लागली. मग फॉर्ममधला आकडा समोर ठेवला: मरून गेलं तर जर्सी घेणार नाही म्हणणारे किती. जर्सी विकल्या गेल्या नाहीत तर तुमचा लोगो फक्त अकरा जणांच्या अंगावर दिसेल, असं सचिवांनी सांगितलं. त्यानंतर बोलणं सोपं झालं. ठरलं ते असं: समोर एकरंगी मोतिया अक्षरं, चौकट नाही, आकार थोडा लहान, पट्टा त्या जागी अक्षरांपुरता तुटणार. बदल्यात बाहीवर आणि पाठीमागे क्रमांकाखाली त्यांचा मूळ रंगातला लोगो. विक्रीच्या जर्सी लोगोशिवाय हव्या होत्या, ते मात्र त्यांनी मान्य केलं नाही. फक्त लहान मुलांच्या मापांत सूट मिळाली. मोठ्या माणसांची मुलांची जर्सी अंगात बसते का बघण्याची धडपड त्यानंतर बरेच दिवस चालू होती.

कॉलरच्या आतल्या बाजूला जुन्या खेळाडूंचे चेहरे छापायची कल्पना होती, ती आम्ही सोडली. डब्लिनच्या बोहेमियन्स क्लबनं २०१८ मध्ये गायक बॉब मार्लीचा चेहरा असलेली जर्सी जाहीर केली होती आणि चित्राच्या हक्कांमुळे ती बदलावी लागली. आमचे खेळाडू काही मार्ली नव्हेत, पण फोटो कुणी काढले होते हेही ठाऊक नव्हतं. चेहऱ्यांऐवजी क्लबचं स्थापना-वर्ष छापलं. डिझायनर आमच्यातलाच, पैसे न घेता काम करणारा, तरी त्याच्याकडून एका पानावर लिहून घेतलं की डिझाइनचे हक्क क्लबचे. त्याला राग येईल असं वाटलं होतं. त्यानंच मसुदा करून आणला.

मे महिन्यात मतदान. लीगनं, स्पॉन्सरनं आणि कारखान्यानं आधीच मान्य केलेली तीन डिझाइन ठेवली. तिन्हींत मरून, पट्टा, जुना बॅज होताच. फरक पट्ट्याची रुंदी आणि कॉलर एवढाच. चार बोटं रुंद पट्टा आणि साधी गोल कॉलर जिंकली. पोलो कॉलरचा पक्ष थोडक्यात हरला आणि अजून दुखावलेला आहे.

मग आगाऊ नोंदणी, पूर्ण पैसे भरून. छोट्या क्लबसाठी दुसरा सुरक्षित मार्ग मला दिसत नाही. चाहत्यांनीच चालवलेल्या लंडनच्या क्लॅप्टन क्लबनं २०१८ मध्ये स्पॅनिश प्रजासत्ताकाच्या झेंड्याच्या रंगांची जर्सी काढली, तिला हजारांनी मागणी आली. असं आपल्याकडे होईल या आशेवर माल मागवून ठेवू नये. नोंदणीत निम्म्या लोकांनी माप चुकीचं लिहिण्याचा संभव असतो, कारण प्रत्येक कारखान्याचं 'एल' निराळं. म्हणून सगळ्या मापांचा एक संच शेवटच्या दोन घरच्या सामन्यांना गेटजवळ लटकवून ठेवला, घालून बघा आणि मग लिहा. छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये मागितला. यानं अदलाबदलीचा पुढचा सगळा ताप वाचला.

नोंदणीची मुदत संपायला एक आठवडा उरला तेव्हा आकडा किमान नगांच्या पाऊणही नव्हता. रात्री उठून फोनवर यादी बघायचे. मग शेवटच्या तीन दिवसांत लोक असे आले की यादी दोनदा तपासावी लागली. नंतर इतर क्लबांच्या दोघांशी बोलले, त्यांच्याकडेही असंच झालेलं. तेव्हा मुदत वाढवण्याची घाई करू नका.

जूनच्या पहिल्या आठवड्यात निम्मी रक्कम भरून ऑर्डर गेली. कारखान्यानं आठ आठवडे सांगितले होते, दहा लागले. त्यातला उशीर गोलकीपरच्या जर्सीच्या कापडामुळे, ते कापड वेगळ्या ठिकाणाहून येणार होतं. उरलेली रक्कम माल पाहून देऊ असं करारात होतं, त्यामुळे पेट्या उघडून प्रत्येक मापातल्या काही जर्सी मंजूर तुकड्याशी जुळवल्या. थोड्या जर्सींच्या शिवणी उसवलेल्या निघाल्या, त्या बदलून मिळाल्या. पाच टक्के जास्तीचे नग आधीच मागितले असतील तर अशा वेळी कुणाला ताटकळावं लागत नाही.

पहिल्या सामन्याला ओळखीचे लोक एकमेकांच्या पाठीवरची नावं वाचत फिरत होते. त्या 'कामावर घालून जाईन' वालीनं दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या लिफ्टमधला फोटो पाठवला. टीकाही आली: पट्टा दोन बोटं जास्त रुंद आहे, रंग विटकरी हवा होता, पट्टा पाठीवर नाही. सामना बरोबरीत सुटला.

हिशेब असा: जास्तीचा खर्च विक्रीतून भरून निघाला आणि थोडं उरलं, ते मुलांच्या संघाच्या किटसाठी दिलं. सगळ्या मापांच्या फाइल, पँटोन क्रमांक, सह्यांचा तुकडा, लीगचं पत्र आणि करार एका पाकिटात क्लबच्या कपाटात आहे, प्रती तिघांकडे. दुसरी खेप ऑक्टोबरात, त्यात पोलो कॉलरची थोडी काढता येईल का याची चौकशी चालू आहे. खिशाची मागणीही पुन्हा आली आहे.